नव्या संगणकाचा पडदा सदोष निघाला तर



गेल्या हंगामात आमच्या एका गट ऑफिसात नवा संगणक बसविला. बसविल्यापासून सहाव्या दिवशी एक ज्येष्ठ सभासद आपली ऊसनोंद पाहावयास आले. लेखनिकाने नोंद पडद्यावर काढली आणि पडदा त्यांच्याकडे फिरविला. दादांनी चष्मा सावरून पाहिले आणि म्हणाले, “काय ओ साहेब, माझा एकरभर ऊस चार गुंठ्यांवर आणलासा की!” पडद्यावर खरोखरच ४२ आर ऐवजी ४.२ आर असे दिसत होते. लेखनिक घाबरला. त्याने नोंदवही काढली, तीत ४२ होते. मग पडद्यावरचे पान थोडे वर सरकविले, तर आकडा वर गेला आणि टिंब मात्र जागच्या जागी राहिले. तेव्हा उलगडा झाला. टिंब नोंदीत नव्हते, काचेत होते.

दादा हसत घरी गेले, पण आम्हाला कामाला लावून गेले. हल्ली गावोगाव सभासदांच्या घरी संगणक येत आहेत. कुणी मुलीच्या कॉलेजसाठी घेतो, कुणी दूध संस्थेच्या हिशेबासाठी, कुणी सातबारा व दाखले काढून देण्याचे दुकान टाकतो. पैसा उसाच्या बिलाचाच असतो. आणि पडद्यात खोट निघाली की बहुतेक जण “असेल तसं, दिसतंय ना?” म्हणून गप्प बसतात, किंवा तालुक्याला दहा हेलपाटे घालतात. दोन्ही गोष्टी टाळता येतात. खोट नेमकी कशात आहे हे घरबसल्या अर्ध्या तासात ओळखता येते, आणि ते मुदतीत ओळखले तर वस्तू बदलून मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

म्हणून प्रथम मुदतीचे बोलू. सदोष वस्तू सरळ बदलून देण्याची मुदत दुकानागणिक आणि कंपनीगणिक वेगळी असते. कुठे सात दिवस, कुठे दहा, कुठे जास्त. ती टळली की ‘बदलून देतो’ याचे ‘दुरुस्तीला पाठवा’ होते, आणि दुरुस्तीला गेलेली वस्तू कधी परत येईल हे सांगता येत नाही. आपल्याकडची रीत अशी की वस्तू आणायची, हळदकुंकू वाहायचे, आणि तोडणी आटोपेपर्यंत खोके तसेच कोपऱ्यात ठेवायचे. मुदत मात्र बिलाच्या तारखेपासून किंवा माल हाती पडल्यापासून चालू झालेली असते. तेव्हा ज्या दिवशी खोके घरी येईल त्याच दिवशी ते उघडावे. उघडताना घरातल्या पोराने मोबाइलवर सलग चित्रफीत घ्यावी, खोक्याची चिठ्ठी आणि त्यावरचा क्रमांक दिसेल अशी. काच फुटलेली निघाली तर हीच चित्रफीत कामी येते. फुटलेली काच हमीत बसत नाही, आणि ती तुमच्या घरी फुटली की वाटेत, हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. खोके आणि आतला थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नये.

आता पडदा आतून कसा असतो ते पाहू. ठिबकच्या भाषेत सांगितले तर लवकर कळेल.

सध्या सर्रास मिळणाऱ्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे बारीक चौकोन असतात. त्याला पिक्सेल म्हणतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाचे लाल, हिरवा व निळा असे तीन भाग, म्हणजे एकूण ६२ लाख २० हजार ८०० भाग झाले. या सगळ्यांच्या पाठीमागे पांढरा उजेड कायम चालू असतो. प्रत्येक भागाला द्रवस्फटिकाची एक झडप आणि ती उघड-बंद करणारा एक अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. झडप उघडली की मागचा उजेड पुढे येतो, मिटली की अडतो.

म्हणजे मागचा उजेड हे विहिरीचे पाणी, उभ्या-आडव्या तारा या लॅटरल, आणि झडप म्हणजे ड्रीपर. एखादा ड्रीपर चोक झाला की तेवढाच बुंधा कोरडा राहतो, तसा एखादा पिक्सेल बंद पडला की तेथे काळा ठिपका दिसतो. ड्रीपर उघडाच राहिला की पाणी वाहत राहते, तसा एखादा भाग उघडा अडकला की लाल, हिरवा किंवा निळा ठिपका सतत पेटलेला दिसतो. पूर्ण लॅटरल तुटली तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ येते. आणि मोटारच बंद पडली तर सगळा पडदा अंधारतो. अशा वेळी काळोखात बॅटरीचा उजेड तिरका पाडून काचेत निरखून पाहावे. पुसटसे चित्र दिसले, तर चित्र येत आहे, पण मागचा दिवा गेला आहे असे समजावे.

ठिपका आहे की नाही हे नुसत्या नजरेने लवकर सापडत नाही. आमचा ठिपका पाव मिलिमीटरचा होता, आकड्यांच्या मध्ये आला म्हणूनच दिसला. त्याची परीक्षा अशी करावी. पूर्ण पडदाभर एकाच रंगाचे चित्र लावायचे, आधी पांढरे, मग काळे, मग लाल, हिरवे आणि निळे. अशी कोरी रंगीत चित्रे कोणताही शाळकरी मुलगा मोबाइलवरून किंवा पेन ड्राइव्हवरून लावून देईल. पांढऱ्यावर काळे ठिपके उघडे पडतात, काळ्यावर पेटलेले. काळे चित्र रात्री दिवा घालवून पाहिले तर कडांमधून पांढरट उजेड फुटतो का तेही दिसते. थोडासा उजेड बहुतेक पडद्यांत असतो. डोके हलविल्यावर तो उजेड कमी-जास्त होत असेल तर ती काचेची जात आहे, खोट नव्हे. एकाच कोपऱ्यात ढगासारखा पांढरा पट्टा पडत असेल आणि कोठूनही पाहिले तरी तसाच राहत असेल, तर ती तक्रारीची बाब आहे.

येथे एक सूचना. काळा ठिपका हळूहळू जागा बदलत असेल तर तो पिक्सेल नव्हे, किडा आहे! फुलकिड्यासारखे बारीक जीव उजेडाला भुलून पडद्याच्या फटीतून आत शिरतात आणि काचेमागे फिरतात. उसाच्या शिवारात रात्री दिवा लावून बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी बोटाने दाबू नये. तो आत चिरडला तर कायमचा तेथेच राहतो. पडदा बंद करावा, खोलीत दुसरीकडे दिवा लावावा, बहुधा तो आपणहून बाहेर येतो. पेटलेल्या ठिपक्यावरही अंगठा दाबून पाहा असे सांगणारे वैद्य पुष्कळ भेटतील. दाबल्याने शेजारचे चौकोन बिघडतात. भराभर रंग बदलणारे चित्र काही तास चालविले तर अडकलेला ठिपका कधी कधी सुटतो. सुटेलच असे नाही, पण त्याने नुकसान होत नाही. बंद पडलेल्या काळ्या ठिपक्यावर मात्र उपाय नाही.

ठिपक्यापेक्षा जास्त गोंधळ होतो तो चित्रच न येणे, थरथरणे, रंग बिघडणे याबाबत. येथे खोट पडद्यात आहे, वायरीत आहे की संगणकाच्या पेटीत, हे आधी ठरविले पाहिजे. मोटार पाणी उचलत नसेल तर आपण लगेच मोटार खोलत नाही, आधी फ्यूज बघतो. तसेच येथे करावे.

नवा संगणक जीपमधून खडखडत आणलेला असतो. सर्वप्रथम वायरीची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. जुन्या पद्धतीची निळ्या टोकाची व्हीजीए वायर असेल तर तिचे दोन्ही स्क्रू आवळावेत व आतली एखादी पिन वाकली आहे का पाहावे. त्या वायरीत लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे मार्ग वेगवेगळे असतात. निळ्याचा संपर्क तुटला की सगळे चित्र पिवळे पडते, हिरव्याचा तुटला की जांभळट-गुलाबी होते. पुष्कळांचा पडदा ‘काविळीने’ पिवळा झालेला आम्ही एका पिनेवर बरा होताना पाहिला आहे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वायर चुकीच्या खोबणीत घालणे. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे चित्राच्या खोबणी दोन ठिकाणी असतात. वरच्या मूळ बोर्डाच्या आणि खाली आडव्या पट्टीत असतात त्या कार्डाच्या. वायर कार्डाच्या खोबणीत हवी. वरच्यात घातली की बहुधा पडद्यावर काहीच येत नाही आणि नवा संगणक बंद पडला अशी आवई उठते.

वायर ठीक असेल तर पुढची परीक्षा आमच्या मते सर्वांत उपयोगी आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. पडद्याचे बटण चालू ठेवून चित्राची वायर काढून टाकावी. पडदा ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी दाखवील. नाहीतर पडद्याच्या कडेचे बटण दाबून त्याची स्वतःची यादी उघडावी, जीत उजेड कमी-जास्त करता येतो. ही पाटी आणि ही यादी संगणकाकडून येत नाही, पडदा ती स्वतः काढतो. तिच्यावरही रेघा किंवा थरथर असेल तर दोष पडद्याचा. ती स्वच्छ दिसत असेल तर दोष बहुधा अलीकडे, म्हणजे वायरीत किंवा पेटीत.

याची उलट परीक्षाही करावी. चित्र बिघडलेले असताना संगणकावरच पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून पाहावा. मोबाइलवरही तसेच बिघडलेले दिसले तर खोट संगणकाच्या पेटीतली, ग्राफिक्सची किंवा प्रणालीची. मोबाइलवर स्वच्छ दिसले तर पुढे, वायरीकडे व पडद्याकडे पाहावे. कॅमेऱ्याने काढलेला फोटो येथे चालणार नाही, कारण कॅमेरा पडद्याचाच फोटो घेतो. दुकानदाराला दाखविण्यासाठी मात्र फोटोच हवा. शेवटी, घरच्या टीव्हीला एचडीएमआयची खोबण असेल तर संगणक टीव्हीला जोडून पाहावा, शेजाऱ्याचा संगणक आपल्या पडद्याला जोडून पाहावा. इतके झाले की दुकानदाराशी बोलताना आपण अंदाजाने बोलत नाही. “चित्र खराब येतंय” म्हणणाऱ्याला तो उद्या या म्हणतो. “वायर काढली तरी पडद्याच्या स्वतःच्या यादीवर रेघ दिसते” म्हणणाऱ्याला तसे म्हणणे त्याला जड जाते.

काही गोष्टी मुळात दोष नसतातच. आमच्या एका सभासदाचा पडदा रोज संध्याकाळी पिवळा पडे व सकाळी बरा होई. त्यांनी पडदा गाडीवर बांधून तालुक्याला नेला. दुकानात दुपारी तो ठणठणीत. असे दोनदा झाले. विंडोज प्रणालीत ‘नाइट लाइट’ नावाची सोय आहे, ती रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून चित्र पिवळसर करते. घरातल्या नातवाने ती चालू करून ठेवली होती. अक्षरे पुसट किंवा पसरट दिसत असतील तर डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे व रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिले असेल तो निवडावा. फुल एचडी पडद्याला १९२० गुणिले १०८० हाच आकडा लागतो. तो यादीत दिसतच नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसविलेला नाही असे समजावे, आणि तो दुकानदाराने विनामूल्य बसवून द्यावा असा आग्रह धरावा. ज्यांनी वेगवान पडदा घेतला आहे, १४४ हर्ट्झ वगैरे, त्यांचे चित्र मधूनच काळे होत असेल तर आधी तो वेग ६० वर आणून पाहावा. साध्या किंवा जुन्या वायरीला कधी कधी तो वेग झेपत नाही.

आता लाइटबद्दल. शहरातल्या दुकानात जो पडदा स्थिर असतो तो आपल्या वस्तीवर थरथरतो, आणि मग दुकानदार म्हणतो, तुमच्या लाइटचा दोष. तो दर वेळी खोटे बोलतो असे नाही. अर्थिंग नीट नसेल तर विशेषतः व्हीजीए वायरीवर चित्रात लाटा सरकताना दिसतात, आणि पेटीच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात. घराच्या लाइनीवर मोठी मोटार सुरू होताना दाब पडतो त्या क्षणी पडदा लुकलुकत असेल तर पडद्याला दोष देऊ नये. संगणक यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर चालवून, मोटार बंद असताना पाहावे. तेव्हाही थरथर राहिली तर ‘लाइटचा दोष’ हे उत्तर मान्य करू नये. अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्यावेच. मुंग्या येणे ही पडद्यापेक्षा माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. आणि पेटी स्वतः खोलू नये. वाटेत मेमरीची पट्टी सैल झाली असली तरी ती दुकानदारालाच बसवू द्यावी. हमीचे सील तुटले की वादाला तोंड फुटते.

ठिपक्यांच्या बाबतीत दुकानदार एक ठरलेले उत्तर देतात, ते आम्हालाही मिळाले. “साहेब, एक-दोन ठिपके कंपनी धरत नाही.” हे निव्वळ थाप नाही. इतक्या लाखो झडपांत एखादी निकामी निघणे कारखानदार गृहीत धरतात. सन २००१ मध्ये याबाबत एक आंतरराष्ट्रीय मानक निघाले, त्यात पडद्यांचे चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गात एकही ठिपका चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख चौकोनांमागे पूर्ण पेटलेले दोन, पूर्ण काळे दोन आणि अर्धवट भागांचे पाच इतके दोष चालतात. म्हणजे फुल एचडी पडद्यावर साधारण चार काळे ठिपके असूनही माल ‘बिनदोष’ ठरू शकतो! पुढे २००८ मध्ये त्या मानकाची जागा नव्या मानकमालेने घेतली, पण वर्गवारीची पद्धत राहिली. प्रत्येक कंपनी आपले ठिपक्यांचे धोरण स्वतः ठरवते आणि ते हमीच्या कागदात किंवा तिच्या संकेतस्थळावर छापलेले असते. काही कंपन्या पेटलेला एकही ठिपका निघाल्यास पडदा बदलून देतात. तेव्हा पडदा घेण्यापूर्वीच हे विचारावे, आणि शक्य असेल तर दुकानातच तो जोडून वर सांगितलेले पाच रंग पाहून घ्यावेत. बेणे घेताना आपण डोळा फुगला आहे का, कीड आहे का हे निरखून बघतो, मग येथेच लाजायचे कशाला? आणि हे लक्षात ठेवावे की कंपनीच्या हमीतली ठिपक्यांची अट वेगळी आणि दुकानदाराची पहिल्या काही दिवसांतली बदलून देण्याची अट वेगळी. दुसरी बहुधा जास्त उदार असते. म्हणूनच आम्ही मुदतीचे पुराण आधी लावले.

बिलाविषयी दोन शब्द. जोडून घेतलेल्या संगणकात पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, आणि हमीही वेगवेगळी असते. बिलावर पडद्याचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक वेगळा लिहून घ्यावा. कच्च्या चिठ्ठीवर चारदोनशे रुपये वाचतात आणि पुढचे सगळे हक्क जातात.

पक्के बिल असेल तर कायदा आपल्या बाजूला उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. सदोष माल परत घेण्यास व पैसे परत देण्यास बिलावर लिहिलेल्या मुदतीत नकार देणे, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत नकार देणे, याला हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. बिल न देणे हीसुद्धा त्यातच येते. दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी टांगलेली असते, तिच्यामुळे खोटीचा माल तुमच्या गळ्यात मारण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. प्रथम दुकानदाराला व कंपनीला लेखी कळवावे. तोंडी बोलणे झाले तरी त्याच दिवशी मोबाइलवर फोटोसह निरोप पाठवावा, तारीख आपोआप पडते. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, तेथे मराठीतून बोलता येते. तेथेही न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे फी नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि माल मुंबई-पुण्याहून मागविलेला असला तरी आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही. दाखल्यांचे लहानसे दुकान स्वतः चालविणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या गट ऑफिसच्या ठिपक्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. बदलून देण्याची मुदत दहा दिवसांची होती. सातव्या दिवशी आम्ही पांढऱ्या पडद्याचा फोटो पाठविला, ठिपक्याशेजारी पेन्सिलीचे टोक धरून. दुकानदाराने आधी कंपनीचे धोरण सांगितले, मग खोके मागितले. खोके खतांच्या रिकाम्या पोत्यांखाली सापडले, एका बाजूने उंदराने कुरतडलेले. त्यावरही थोडे बोलणे झाले. नवव्या दिवशी दुसरा पडदा आला. लेखनिकाने तो दादांना बोलावून त्यांच्यासमोरच जोडला आणि पाचही रंग दाखविले. त्यातही एक ठिपका निघाला, पण तो अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, तारीख-वेळ येते त्याच्याही खाली. दादा म्हणाले, “असू दे तिथं, तिथं कुणाचा ऊस येत न्हाई.”